फ्रेंच टोस्टची गोड सुरळी: पाव तडकतो, सारण बाहेर येतं

निळीशाई · रविवार, सकाळी ११:१०

नमस्कार मंडळी. सलग तीन रविवार प्रयत्न करून झाले, आता तुमच्याकडे आलेय.

माझी सात वर्षांची लेक मैत्रिणीकडे राहायला गेली होती. तिथे नाश्त्याला तिने फ्रेंच टोस्टच्या सुरळ्या खाल्ल्या. पावाच्या कडा काढायच्या, लाटण्याने तो पातळ लाटायचा, आत काहीतरी गोड भरून गुंडाळायचा, अंड्या-दुधात बुडवून लोण्यावर परतायचा आणि गरम असतानाच दालचिनी-साखरेत घोळवायचा. तेव्हापासून घरात एकच घोषा चालू आहे.

पहिल्या रविवारी मुद्दाम दोन दिवसांचा पाव घेतला, कारण फ्रेंच टोस्टला शिळा पाव घ्यावा असं सगळीकडे वाचलं होतं. लाटताना बरा वाटला, पण गुंडाळायला गेले की मधोमध तडा. दुसऱ्या रविवारी ताजा पाव आणला. सुरळी सुरेख झाली, पण साध्या फ्रेंच टोस्टसारखी ती मिश्रणात निवांत भिजू दिली आणि उचलताना हातात लगदा आला. जे तव्यापर्यंत पोचलं ते बाहेरून तपकिरी, आतून कच्चं. आज पाव ताजा होता, बुडवणंही झटपट केलं, पण आत स्ट्रॉबेरी जॅम भरला होता. तो तव्यावर पातळ होऊन दोन्ही टोकांनी वाहिला, जळून काळा झाला आणि पुढच्या प्रत्येक सुरळीला तो कडवट वास लागला.

पाव कसा हवा? आत काय भरलं तर ते आतच राहील? अंड्याचा उग्र वास कसा घालवायचा? आणि शाळेच्या दिवशी सकाळी हे जमण्यासारखं आहे का? शक्य असेल तर सारण घरचं, आपल्या चवीचं हवंय. विकतच्या चॉकलेटच्या बरणीपर्यंत मीही पोचू शकते.

खमंग · सकाळी ११:३२

पहिल्या प्रश्नातच तुझं अर्धं उत्तर आहे. शिळ्या पावाचा नियम साध्या फ्रेंच टोस्टसाठी खरा आहे, सुरळीसाठी नाही. पाव शिळा होतो तेव्हा त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट बांधला जातो, म्हणून तो दूध पिऊनही उभा राहतो. साध्या टोस्टला तेच हवं असतं. सुरळीला मात्र पाव वाकायला हवा, आणि शिळा पाव वाकत नाही, मोडतो. तेव्हा त्याच दिवशीचा, मऊ, पांढरा सँडविच ब्रेड घे. लाटल्यावर त्यातली हवा जाते आणि तो पोळीसारखा होतो. अशा दाबलेल्या पावाला दूध फार पाजायचंच नसतं, बाहेरून ओला झाला की पुरे.

घरात शिळाच पाव असेल तर इडलीच्या भांड्यात अर्धा मिनिट वाफ दे आणि गरम असतानाच लाट. गार होईपर्यंत थांबलीस तर पुन्हा कडक होईल.

टीपकागद · सकाळी ११:४०

फोटो कुठाय? तीनही रविवारचे चालतील.

केळफूल · दुपारी १२:०५

आमच्याकडे गेली चार-पाच वर्षं महिन्यातून एकदा होतं, त्यामुळे माप हाताशी आहे. दहा स्लाइसला दोन अंडी, पाव कप दूध, चिमूटभर मीठ, थोडं जायफळ. बस. साखर मिश्रणात अजिबात नको, ती तव्यावर करपते. सगळा गोडवा आत आणि वरून.

पाव लाटताना मधून कडेकडे एकदाच लाटणं फिरवायचं, पोळीसारखं गोल गोल नाही. सारण दोन छोटे चमचे, तेही आपल्याकडच्या कडेला लांब ओळीत. पलीकडची कड बोटभर कोरडी ठेवायची आणि तिला अंड्याचं बोट फिरवायचं. गुंडाळून झालं की सांधा खाली करून पाच मिनिटं ताटात ठेवायची. ही पाच मिनिटं फार महत्त्वाची आहेत, तेवढ्यात ती स्वतःच्या वजनाने चिकटते.

मग मिश्रणात एकदा लोळवून लगेच उचलायची आणि तव्यावर सांधा खाली ठेवूनच टाकायची. खालची बाजू पक्की होईपर्यंत हलवायची नाही. अंडं सांध्यावर शिजलं की तीच शिवण. नंतर चिमट्याने पाव-पाव वळसा देत चारही अंगांनी परतायची. आच मध्यमपेक्षा कमी.

लोण्यात चमचाभर तूप घालते. नुसत्या लोण्यातला दुधाचा अंश दुसऱ्या घाण्यापर्यंत काळा पडतो. आणि दर घाण्यानंतर तवा पुसायचा.

निळीशाई · दुपारी १२:१८

केळफूल, "शिवण" हा शब्द एकदम समजला. मी सुरळ्या कशाही टाकत होते, सांधा कुठेय हे बघितलंच नाही. खमंग, वाफेचा उपाय आज संध्याकाळीच करून बघते.

आडवाट · दुपारी १२:५०

मला एक वेगळं बोलायचं आहे, राग मानू नका. मैदा, वर साखर, आत साखर, लोणी, तेही सकाळी रिकाम्या पोटी. आपल्याकडे थालीपीठ आहे, धिरडी आहेत, नाचणीची आंबील आहे. लहान मुलाच्या जिभेला सकाळी सकाळी ही सवय का लावायची? माझ्या घरी मधुमेहाचा इतिहास आहे, म्हणून मला हे खरोखर खुपतं.

केळफूल · दुपारी १:१५

आडवाट, खुपणं समजू शकते. पण आमच्याकडे ते महिन्यातून एकदा असतं, आणि तेही प्रत्येकी दोन. सोबत फळ आणि दूध. शिऱ्याच्या मुदीला आपण कधी असं विचारत नाही, आणि त्यात साखर कमी नसते.

पाटावरवंटा · दुपारी १:३१

आडवाट यांच्याशी मी अर्धी सहमत आहे. वरची साखर काढून टाका. आत खजूर असेल तर बाहेरून काहीच लागत नाही. बिया काढलेले मऊ खजूर चमचाभर तुपावर परतून डावाने ठेचायचे, त्यात भाजलेल्या तिळाचा आणि अक्रोडाचा भरड चुरा. हे सारण वाहत नाही, जळत नाही, आणि फ्रीजमध्ये आठवडाभर राहतं. गव्हाचा ब्रेड वापरून पाहिला, तो लाटल्यावर कडेने फाटतो. कोंड्यामुळे असेल. दोन मिनिटं ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला तर बराच सुधारतो.

आडवाट · दुपारी १:४४

खजुराचं सारण पटलं. हे मी करून बघू शकतो.

वसईचा_वारा · दुपारी २:२०

आमच्याकडची सुकेळी कुणी आठवत नाही याचं वाईट वाटतं! राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात, मधाच्या रंगाची होतात, आणि गोडवा सगळा केळ्याचाच. आगाशीकडची सुकेळी पूर्वी मुंबईत घरोघरी भेट म्हणून जायची. सुकेळं लांबट असतं, म्हणजे निम्मं उभं चिरलं की पावाच्या रुंदीत बरोब्बर बसतं. गुंडाळायचं आणि परतायचं. ताज्या केळ्याचं पाणी सुटतं तसं याचं सुटत नाही. गरम झालं की आत जवळजवळ हलव्यासारखं लागतं. वेलचीची गरज नाही, कशाचीच नाही.

उंबरठा · दुपारी २:२६

तोंडाला पाणी सुटलं. आम्हाला सांगलीत सुकेळी कुठे मिळायची!

मोतीचूर_हैदराबाद · दुपारी ३:०२

थोडं अवांतर. मी बारा वर्षं हैदराबादेत आहे. इथे आणि चेन्नईकडेही फ्रेंच टोस्टला चक्क "बॉम्बे टोस्ट" म्हणतात. माझं माहेर गिरगावात, आणि तिथे जन्मात कुणाच्या तोंडून हे नाव ऐकलं नव्हतं. आमच्याकडे तो "अंड्याचा गोड पाव". शेजारच्या काकूंनी पहिल्यांदा मोठ्या प्रेमाने "तुमच्या गावचा पदार्थ केलाय" म्हणून ताटली आणली, तेव्हा मी झाकण काढेपर्यंत बटाटेवड्याची वाट बघत होते.

टीपकागद · दुपारी ३:०८

फ्रान्सला तरी तो फ्रेंच कुठे वाटतो? तिथे म्हणतात "पाँ पेर्द्यू", म्हणजे वाया गेलेला पाव. इंग्रजीत याचंच एक जुनं नाव "विंडसरचे गरीब सरदार", आणि जर्मनीत नुसतेच "गरीब सरदार". प्रत्येकाने तो दुसऱ्याच्या नावावर नाहीतर गरिबीच्या खात्यावर मांडलाय.

मेपलपान · दुपारी ४:४५

माँट्रियलहून लिहितेय, इथे नुकतं उजाडलंय. क्यूबेकात याचं नाव "पाँ दोरे", सोनेरी पाव. वाया गेलेल्या पावापेक्षा मला हे नाव फार आवडतं. इथे वर मेपल सिरप हवंच. मार्च-एप्रिलमध्ये रात्री गोठण आणि दिवसा ऊब असली की झाडांमधून रस वाहायला लागतो. साधारण ४० लिटर रस आटवला की एक लिटर सिरप होतं. पहिल्यांदा ती उकळती कढई बघितली तेव्हा मला कोल्हापूरकडचं गुऱ्हाळच आठवलं. तीच वाफ, तोच गोड ओला वास, फक्त बाहेर बर्फ.

म्हणून निळीशाई, तुला सांगते, मेपल सिरप शोधत बसू नकोस. काकवी वापर. गरम सुरळीवर काकवीची धार आणि वर थोडं लोणी. मी दोन्ही शेजारी ठेवून खाल्लंय. काकवीत जो किंचित खारटपणा असतो ना, तो अंड्याशी जास्त जुळतो.

निळीशाई · सायंकाळी ६:१२

काकवी! घरात बाटली आहे, आणि ती फक्त पोळीशी खायची असते असं मी ठरवून टाकलं होतं.

वाफेचा प्रयोग केला. उरलेला सकाळचा पाव तीस सेकंद वाफवून लाटला. एकही तडा नाही.

साधीभाषा · रात्री ८:३०

आम्ही अंडं खात नाही. बिनअंड्याचं जमेल का? बेसन घालून केलं तर चव टोमॅटो ऑम्लेटकडे जाते, गोड सारणाशी ती जुळली नाही.

खमंग · रात्री ८:५८

कस्टर्ड पावडर. एक कप थंड दुधात दोन मोठे चमचे, गुठळी न ठेवता. शिजवायचं नाही, तसंच कच्चं वापरायचं. पावडर तळाशी बसते म्हणून प्रत्येक सुरळी बुडवण्याआधी ढवळायचं. ती मुळात मक्याचा स्टार्चच असते, तव्यावर तो फुलतो आणि बाहेर पातळ कवच धरतो. सांधा चिकटवायला हेच मिश्रण थोडं घट्ट करून घ्या. अंड्याच्या सुरळीइतकी ती लुसलुशीत होणार नाही, थोडी कुरकुरीत होईल. माझ्या सासूबाईंना तीच जास्त आवडते.

आणि हे कारणाशिवाय जुळलेलं नाही. बिनअंड्याचं कस्टर्ड बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या औषधविक्रेत्याने १८३७ मध्ये बनवलं, कारण त्याच्या बायकोला अंडं सोसत नव्हतं आणि कस्टर्ड तर आवडायचं. घरातल्या एका माणसाला पंगतीतून उठावं लागू नये म्हणून केलेली गोष्ट आहे ती. मला हे वाचल्यापासून तो पिवळा डबा वेगळाच दिसतो.

साधीभाषा · रात्री ९:०६

किती छान. उद्याच करते.

कोरांटी · सोमवार, सकाळी ७:५०

अंड्याच्या वासाबद्दल कुणी बोललं नाही. मिश्रण गाळून घ्या. पांढऱ्यातले जे दोरे असतात ते पावावर चिकटून वेगळे शिजतात आणि तिथेच तो वास येतो. दुसरं, आच मोठी नको. अंडं फार तापलं की उग्र होतं. तिसरं, मीठ विसरू नका.

आता दालचिनी. आमची बाग दापोलीजवळ आहे, म्हणून जरा सविस्तर. बाजारात जी जाड, कडक, एकाच पदराची साल मिळते ती बहुतेक कॅसिया. तिखट, जड. मसालेभाताला उत्तम, पण साखरेत मिसळली की जिभेला टोचते. खरी दालचिनी कागदासारखी पातळ, एकात एक गुंडाळलेल्या पदरांची, बोटांनी चुरडते. कोकणातही ती होते, आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाची "कोकण तेज" ही जात इकडे लावतात. चार चमचे साखरेला अर्धा चमचा ताजी कुटलेली पूड पुरे. बाटलीतली जुनी पूड असेल तर दालचिनी सोडा, वेलची घ्या. जुनी दालचिनी लाकडासारखी लागते.

पाटावरवंटा · सकाळी ८:२५

कोरांटीला +१. जायफळ-वेलचीची साखर करून बघा, बासुंदीचा वास येतो.

सातारी · सकाळी ९:४०

मुख्य गोष्ट राहिलीच की. पुरण! आमच्याकडे होळीनंतर दुसऱ्या दिवशी पुरण उरतंच. ते भरून सुरळ्या केल्या, तुपावर परतल्या आणि वर काही नाही. पुरणपोळीला लागणारा हात माझ्याकडे नाही, माझी पोळी दरवेळी लाटताना फुटते. पाव मात्र फुटत नाही.

अट एकच. पुरण घट्ट हवं. आई म्हणते पुरणात उलथनं उभं राहिलं की ते झालं, तीच कसोटी इथेही. ओलसर पुरण पावाला आतून भिजवतं.

आजीचा_डबा · सकाळी १०:१५

पुरणाला माझा विरोध आहे! मऊ पाव, मऊ अंडं, मऊ पुरण. दाताखाली काही येतच नाही. त्यापेक्षा उकडीच्या मोदकाचं सारण. ओलं खोबरं, गूळ, खसखस, वेलची. त्याला चव असते आणि चावही.

सातारी · सकाळी १०:२२

गुळाचं सारण वाहत नाही का?

आजीचा_डबा · सकाळी १०:३०

नीट आटवलं तर नाही. पूर्ण गार करून भरायचं. गरम भरलंत तर पावाला छिद्र पडेल.

माडाची_सावली · सकाळी ११:०५

आजीचा डबा, तुमचं सारण म्हणजे आमचं गोव्याचं चून. ख्रिस्ती घरांत चहाला "आले बेले" करतात: अंडं, दूध आणि मैद्याची पातळ घावनासारखी पोळी, आत खोबरं-गूळ, आणि तिची सुरळी. म्हणजे निळीशाईची लेक जे मागतेय ते आमच्या घरात आधीपासून आहे, फक्त पाव सोडून. पावाच्या सुरळीला चून घालून बघितलं, आले बेलेच्या अगदी जवळ जातं. खोबरं मात्र बारीक खवलेलं हवं, जाड किसाने पाव टोचला जातो.

आमच्या पोदेराच्या, म्हणजे सायकलवरून येणाऱ्या पाववाल्याच्या, पावाची सुरळी होत नाही, त्याची साल कडक. पण त्याच्याकडचीच पोई (पावाचाच एक प्रकार) आतून पोकळ असते. तिच्यात चून भरायचं, अंड्या-दुधात दोन्ही बाजूंनी बुडवायची आणि झाकण ठेवून परतायची. सकाळी सायकलच्या भोंप्याचा आवाज आला की आमचा नाश्ता ठरतो.

उंबरठा · सकाळी ११:२०

कडा काढल्यावर त्यांचं काय करता? माझ्या मनाला त्या टाकवत नाहीत.

केळफूल · सकाळी ११:२८

फोडणीचा पाव. मोहरी, हिंग, हळद, कांदा, हिरवी मिरची, शेंगदाणे, वरून लिंबू. सुरळ्या खाऊन तोंड गोड झालं की हाच हवा असतो. आमच्या घरी बाबा फक्त कडांसाठी टेबलावर येतात.

टीपकागद · सकाळी ११:३१

म्हणजे धागा गोड, कडा तिखट. उत्तम.

मोतीचूर_हैदराबाद · दुपारी १२:१०

सकाळच्या घाईबद्दल: सुरळ्या रात्री भरून, सांधा खाली करून, झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवते. वर ओलसर, घट्ट पिळलेलं फडकं. सकाळी फक्त बुडवायचं आणि परतायचं, दहा मिनिटांचं काम. अंड्याचं मिश्रण मात्र सकाळीच फेटायचं, आणि बुडवलेली सुरळी ठेवून द्यायची नाही. डब्यात द्यायच्या असतील तर जाळीवर पूर्ण गार करून मग भरा. गरम भरल्या तर स्वतःच्या वाफेने चिकट होतात. मलई, चक्का असलं सारण डब्याला नको.

आडवाट · मंगळवार, सकाळी ९:१५

खजूर-तिळाच्या केल्या. मुलगा आणि मी मिळून. वर साखर नाही. एक सांगावंसं वाटतं. माझ्या वडिलांची दाढ काढली आहे, गेले आठ दिवस पेज आणि वरण-भात. भाकरी नाही म्हणून चिडचिड. त्यांनी दोन सुरळ्या चहासोबत हळूहळू खाल्ल्या आणि "उद्या पण कर" म्हणाले. त्यांनाही साखरेचं पथ्य आहे, म्हणून उद्या एकच देणार आहे आणि खजूर निम्मा. माझं सकाळी गोड खाण्याबद्दलचं मत बदललेलं नाही, पण हा पदार्थ घरात राहील.

केळफूल · सकाळी ९:२१

आडवाट, त्यांना तूप थोडं जास्त लावा, मऊ राहील. आणि अक्रोड न घालता तीळ कुटून घाला, दाढेच्या जागी कण अडकायला नको.

आडवाट · सकाळी ९:२४

हे सुचलं नव्हतं. धन्यवाद, ताई.

सातारी · सकाळी १०:०२

उरलेल्या पोळीचं करून बघितलंय का कुणी? पावाऐवजी?

कोरांटी · सकाळी १०:२०

केलंय. जमत नाही. पोळी अंडं शोषत नाही, ते बाहेरून आम्लेटसारखं वेगळं सुटतं. शिळ्या पोळीला तूप-गूळ लावून नुसती सुरळी करून खावी, ती तशीच उत्तम.

निळीशाई · रविवार, सकाळी १०:४०

आठवडा झाला. काल रात्री सगळा धागा पुन्हा वाचून वहीत उतरवला आणि आज चौथा प्रयत्न केला.

त्याच दिवशीचा पांढरा ब्रेड, बारा स्लाइस. लाटण्याचं काम लेकीने केलं. चार सुरळ्या खोबरं-गुळाच्या, चार खजुराच्या आणि उरलेल्या चार आमच्या शोधाच्या. फ्रीजमध्ये आईने रत्नागिरीहून पाठवलेली आंबापोळी होती. तिच्या दोन बोटं रुंद पट्ट्या कापल्या, पावावर आधी साय पसरली, वर पट्टी ठेवली आणि गुंडाळलं. आंबापोळी वाहत नाही. आत मऊ होते, आंबट-गोड राहते, आणि कापल्यावर केशरी वेटोळं दिसतं. जॅममध्ये मला जी चव हवी होती ती हीच, पण जॅमला जे जमलं नाही ते हिला जमलं.

सांधा खाली, पाच मिनिटं विश्रांती, गाळलेलं मिश्रण, कमी आच, लोण्यात तूप. बारापैकी एकही उलगडली नाही. खोबऱ्याच्या एका सुरळीचं टोक थोडं सुटलं, तिथे मी सारण जास्त भरलं होतं. दालचिनी घरात जाड सालीची निघाली, म्हणून वेलचीची साखर केली. काकवी नवऱ्याने एकट्याने संपवली. कडांचा फोडणीचा पाव झाला आणि सासऱ्यांना तोच जास्त आवडला.

लेकीने पहिली सुरळी हातात घेतली, दोन्ही टोकांतून आत बघितलं आणि म्हणाली, "आई, मैत्रिणीकडे चॉकलेट होतं. पण तिच्याकडे आजीचा आंबा नव्हता."

फोटो खाली चिकटवते. टीपकागद, पहिल्या तीन रविवारचेही आहेत.

टीपकागद · सकाळी १०:४४

तिसऱ्या रविवारचा तवा बघून वाईट वाटलं. चौथ्याचा बघून भूक लागली.

मेपलपान · सकाळी १०:५८

आंबापोळी आणि साय! इथल्या भारतीय दुकानात आंबापोळी मिळते. चाललेच मी.

वसईचा_वारा · सकाळी ११:१५

सुकेळी पाठवू का सांग.

निळीशाई · सकाळी ११:२०

हो दादा, नक्की! आंबापोळी संपत आली आहे. आता घरात फणसपोळी उरलीय. ती कुणी भरून बघितली आहे का?

कोरांटी · सकाळी ११:३३

बघितली आहे. फणसपोळी चिवट असते, पट्टी अखंड ठेवलीस तर घास तोडताना सगळी एकदम बाहेर ओढली जाते. कात्रीने बारीक तुकडे कर, चमचाभर कोमट दुधात दहा मिनिटं ठेव आणि मग खोबऱ्यात मिसळून भर. साखर घालू नकोस.